जुन्या कोअॅक्सियल केबलमधून हाय डेफिनिशन टीव्ही: प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४, सोमवार

संस्थेच्या इमारतीतील टीव्ही वितरणव्यवस्था नव्याने उभारण्याचा प्रस्ताव आज तपासणीसाठी माझ्याकडे आला. पुढचे सगळे काम ज्याच्यावर बेतले आहे असे एक वाक्य त्यात आहे: भिंतींमधील कोअॅक्सियल केबल (मध्ये एक तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेली टीव्हीची केबल) जुनी असल्याने तिच्यातून हाय डेफिनिशन सिग्नल जाऊ शकत नाही, सबब ती संपूर्ण काढून टाकावी. तळमजला आणि वरचे तीन मजले येथील भिंती फोडायच्या की नाही हे या वाक्याच्या खरेपणावर ठरणार असल्याने, ते गृहीत न धरता मोजमाप करून तपासावे, असे मी देखभाल समितीला कळवले. समितीने ते मान्य करून महिनाभराची मुदत दिली आहे.

हा समज निराधार नाही, आणि तो कुठून येतो हे आधी लिहून ठेवणे आवश्यक वाटते. जुन्या सेट-टॉप बॉक्सच्या मागे 'आरएफ आउट' असे एक तोंड असे आणि तिथून टीव्हीकडे कोअॅक्सियल केबल जात असे. बॉक्समध्ये हाय डेफिनिशन चॅनेल आले, तरी त्या तोंडातून बाहेर पडणारा सिग्नल बॉक्सच्या आतल्या लहानशा अॅनालॉग मॉड्युलेटरमधून, म्हणजे चित्र टीव्हीच्या चॅनेलवर चढवणाऱ्या भागातून, येत असल्यामुळे तो जुन्या, साध्या दर्जाचाच असे. त्याच बॉक्सची एचडीएमआय केबल जोडली की चित्र एकदम स्वच्छ होई. पाहणाऱ्याने दोन केबल पाहिल्या, दोन चित्रे पाहिली आणि दोष केबलला दिला. पिवळ्या पिनेच्या व्हिडिओ केबलचेही तेच आहे. तीही बांधणीने कोअॅक्सियलच असते, पण तिच्यातून जाणारा कंपोझिट सिग्नल ५२५ किंवा ६२५ रेषांच्या जुन्या पद्धतीसाठीच ठरवलेला असल्याने त्यात हाय डेफिनिशन चित्र बसतच नाही. दोन्ही ठिकाणी मर्यादा आहे ती तारेतून काय पाठवले जाते याची.

तारेला चित्राचा दर्जा कळत नाही. तिला फक्त वारंवारता, घट, परावर्तन आणि बाहेरून शिरणारा उपद्रव एवढेच लागू होते. म्हणून 'हाय डेफिनिशन जाते का' या प्रश्नाचे मी या इमारतीपुरते तीन वेगळे प्रश्न केले आहेत. पहिला, तळमजल्यावरील हेडएंडमधून, म्हणजे सर्व वाहिन्या जिथून इमारतीत सोडल्या जातात त्या यंत्रसंचातून, ११० ते ८६२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात जाणारी डिजिटल चॅनेल प्रत्येक खोलीत नीट पोहोचतात का? दुसरा, गच्चीवरील डिशपासून खाली येणारी लाइन ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा पट्टा वाहून नेऊ शकते का? तिसरा, व्याख्यानगृहातील कॅमेऱ्याचे न आकसलेले, म्हणजे कॉम्प्रेशन न केलेले चित्र त्याच प्रकारच्या केबलमधून नियंत्रणकक्षात नेता येईल का? पहिले दोन प्रश्न आकसलेल्या चित्राचे आहेत आणि तिसरा सर्वस्वी निराळ्या वजनाचा आहे.

हे वजन आकड्यांत असे दिसते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचे न आकसलेले चित्र स्टुडिओच्या पद्धतीने पाठवायचे तर सेकंदाला १.४८५ गिगाबिट लागतात. तेच चित्र एच.२६४ पद्धतीने आकसले की सेकंदाला साधारण ८ मेगाबिटमध्ये चांगले दिसते, म्हणजे सुमारे १८५ पट फरक पडतो. घराघरांत पोहोचणारे हाय डेफिनिशन नेहमी हे दुसरे असते.

६ मार्च २०२४, बुधवार

आज मजल्यामजल्यावरचे जंक्शन बॉक्स उघडून केबलच्या वेष्टनावरील छपाई वाचली. हेडएंडपासून वर जाणारी मुख्य लाइन आरजी-११ आहे, मजल्यांवरील शाखा आरजी-६ आहेत, आणि पूर्वेकडील भागात व डिशच्या लाइनवर त्यांहून जुनी आरजी-५९ वापरली आहे. नावांतील आकडे दर्जाचा क्रम सांगत नाहीत, हे पाहणीत सोबत असलेल्या सहकाऱ्यांसाठी इथे नोंदवतो. तिन्हींत जाड आणि कमी घट असलेली आरजी-११, मधली आरजी-६ आणि बारीक आरजी-५९.

आरजी-६ चा एक उरलेला तुकडा टेबलावर सोलून पाहिला. वरचे काळे वेष्टन काढल्यावर अॅल्युमिनियमच्या बारीक तारांची जाळी दिसते, तिच्याखाली फोमला चिकटलेले चकचकीत फॉइल, मग पांढरा फोम आणि त्याच्या बरोबर मध्यावर सुमारे १ मिलिमीटर जाडीची तांबूस तार. त्या तारेवर चाकूच्या टोकाने खरवडल्यावर तांब्याखालून करडा पोलाद दिसला, आणि लोहचुंबक लावताच तुकडा त्याला चिकटला. म्हणजे मधली तार शुद्ध तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे.

सोबतच्या सहकाऱ्यांना ही फसवणूक वाटली, पण टीव्हीच्या वारंवारतांपुरती ती फसवणूक नाही. वारंवारता वाढते तसा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात तो जवळपास ६.६ मायक्रोमीटरच्या थरात सामावतो आणि ९०० मेगाहर्ट्झला तर २.२ मायक्रोमीटरच पुरतात. तांब्याचा मुलामा त्याहून कितीतरी जाड असल्याने सिग्नलला आतले पोलाद लागतच नाही. पोलादाचा त्रास होतो तो एकदिश प्रवाहाला, कारण तो संपूर्ण तारेतून वाहतो. डिशची लाइन तपासताना हा मुद्दा पुन्हा घ्यावा लागेल.

केबलच्या वयाबद्दलही थोडे लिहितो. लॉइड एस्पेनशिड आणि हर्मन अॅफेल यांनी रुंद पट्ट्याच्या कोअॅक्सियल लाइनच्या पेटंटसाठी १९२९ मध्ये अर्ज केला आणि ते त्यांना १९३१ मध्ये मिळाले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया अशी जी प्रायोगिक लाइन टाकली गेली, तिचा उपयोगी पट्टा सुमारे १ मेगाहर्ट्झ होता आणि त्यात २४० टेलिफोन संभाषणे एकाच वेळी बसत. आपल्या इमारतीतील केबलमध्ये त्याच बांधणीतून त्याच्या दोन हजारपट वारंवारतेपर्यंतचा सिग्नल जातो. बाहेरच्या वाहकाने आतल्या वाहकाला सर्व बाजूंनी वेढल्याने सिग्नल आतच राहतो आणि बाहेरचा उपद्रव बाहेर राहतो, हे त्या बांधणीचे मर्म तेव्हापासून बदललेले नाही. ७५ ओहमचा इम्पीडन्सही, म्हणजे धावत्या सिग्नलला केबलमध्ये जाणवणारा रोध, उगाच निवडलेला नाही. दोन वाहकांमध्ये हवा असेल तर सर्वांत कमी घट ७७ ओहमच्या आसपास मिळते, आणि दूरवर सिग्नल नेणाऱ्या कामांत तेच मोलाचे असते.

९ मार्च २०२४, शनिवार

मीटर येईपर्यंत कागदावर हिशेब केला. उत्पादकांच्या तक्त्यांनुसार १००० मेगाहर्ट्झला दर १०० मीटरला आरजी-११ मध्ये साधारण १४ ते १५ डेसिबल (सिग्नलच्या घट-वाढीचे माप), आरजी-६ मध्ये २१ ते २२ डेसिबल आणि आरजी-५९ मध्ये २६ ते २७ डेसिबल घट होते. ही घट वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वारंवारता चौपट झाली की घट दुप्पट होते. वरच्या चॅनेलांनाच आधी त्रास होतो तो याच कारणाने.

तिसऱ्या मजल्यावरील सर्वांत लांबची खोली घेतली. तिथपर्यंत ४० मीटर आरजी-११, मग सिग्नल वाटून देणारा आठ वाटांचा स्प्लिटर आणि पुढे ३५ मीटर आरजी-६ आहे. सुमारे ८६० मेगाहर्ट्झला पहिल्या टप्प्यात ५ डेसिबलहून थोडी अधिक, स्प्लिटरमध्ये ११ ते १२, दुसऱ्या टप्प्यात ७ आणि भिंतीवरील सॉकेटमध्ये एखादा डेसिबल अशी घट धरली, तर एकूण २५ डेसिबल होते. हेडएंडमधून ९५ डेसिबल मायक्रोव्होल्ट सोडले तर खोलीत ७० मिळायला हवेत. २५६-क्वॅमसाठी, म्हणजे केबलवर डिजिटल चॅनेल पाठवण्याच्या इथल्या पद्धतीसाठी, सॉकेटवर ५४ ते ७४ ही मर्यादा धरतात, म्हणून हा आकडा समाधानकारक आहे. या २५ मधली केबलची घट निम्म्याहून कमी आहे आणि सर्वांत मोठा वाटा एकट्या स्प्लिटरचा आहे, हे पाहून प्रस्तावातील वाक्याबद्दलची माझी शंका वाढली.

खालच्या टोकाचा हिशेब मात्र डोळ्यांआड करता येत नाही. ११० मेगाहर्ट्झला याच वाटेत केबलची घट ४ डेसिबलच्या आसपासच राहते, त्यामुळे खालची चॅनेल वरच्यांपेक्षा ८ डेसिबलने जोरात पोहोचतील. हा उतार हेडएंडच्या अॅम्प्लिफायरमध्ये आधीच उलटा देऊन ठेवावा लागतो, म्हणजे वरच्या वारंवारता जास्त ताकदीने सोडाव्या लागतात. सध्याच्या अॅम्प्लिफायरवर त्यासाठीचा खटका आहे, पण तो शून्यावर ठेवलेला आढळला.

आता क्षमतेचा प्रश्न. ८ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये सेकंदाला ६.८७५ दशलक्ष चिन्हे जातात आणि २५६-क्वॅममध्ये प्रत्येक चिन्हात ८ बिट असतात, म्हणून एकूण ५५ मेगाबिट होतात. दुरुस्तीसाठी राखलेला भाग वजा केला की सुमारे ५०.७ मेगाबिट हाती राहतात. म्हणजे जिथे पूर्वी एक अॅनालॉग वाहिनी मावत असे, त्याच जागेत ८ मेगाबिटची सहा हाय डेफिनिशन चित्रे मावतात. ११० ते ८६२ मेगाहर्ट्झमध्ये अशा ९४ जागा आहेत. सगळ्या भरल्या तर पाचशेहून अधिक हाय डेफिनिशन वाहिन्या या एकाच तारेतून एकाच वेळी जाऊ शकतात. संस्थेला त्यांतील फार थोड्या हव्या आहेत, पण केबलच्या क्षमतेविषयी ज्यांना शंका आहे त्यांच्यासाठी हा हिशेब अहवालात जसाच्या तसा देणार आहे.

१३ मार्च २०२४, बुधवार

मीटर आले. पश्चिमेकडील सर्व खोल्या आणि वरच्या मजल्यांवरील बहुतेक सॉकेट तपासले. पातळी हिशेबाच्या एक-दोन डेसिबल इकडेतिकडे आहे आणि एमईआर, म्हणजे आलेली चिन्हे आपल्या योग्य जागेपासून किती ढळली आहेत याचे माप, ३५ ते ३८ डेसिबलच्या दरम्यान आहे. २५६-क्वॅमला ३० च्या आसपास गेले की धोका सुरू होतो, हे लक्षात घेता ही केबल आरामात काम करत आहे.

अडचण दुसऱ्या मजल्यावरील एका खोलीत सापडली. याच खोलीतील तक्रार प्रस्तावाचे मुख्य कारण म्हणून जोडलेली आहे. तिथे काही हाय डेफिनिशन वाहिन्या अखंड दिसतात आणि काहींचे चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा होतो. अॅनालॉगच्या काळात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत आणि चित्र हळूहळू बिघडे. डिजिटलमध्ये दुरुस्तीची यंत्रणा शेवटपर्यंत चित्र सावरून धरते आणि तिची मर्यादा संपली की सगळे एकदम कोसळते. त्यामुळे नुसत्या चित्राकडे पाहून आपण काठापासून किती दूर आहोत हे कळत नाही, त्यासाठी मीटरच लागते.

८०२ मेगाहर्ट्झला मीटरने पातळी ६३ दाखवली, म्हणजे पुरेशी, पण एमईआर फक्त २६. पातळी उत्तम आणि एमईआर वाईट, असे एकत्र दिसले की केबलमधील घट हे कारण असू शकत नाही, कारण घटीमुळे आधी पातळी खाली येते. ६५० मेगाहर्ट्झच्या खाली सर्व चॅनेल निरोगी होती. टीव्हीच्या वरच्या चॅनेलांच्या आणि मोबाइल सेवेच्या ७०० व ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यांच्या वारंवारता एकमेकींवर येतात, त्यामुळे बाहेरून काही आत शिरत असल्याचा संशय आला.

सॉकेटची पट्टी काढली. केबलच्या टोकाला हाताने पिळून बसवलेला एफ कनेक्टर होता. तो बोटाने हलवताच सहज फिरला. काढून पाहिला, तर जाळीच्या तारा मागे नीट दुमडलेल्या नव्हत्या, निम्म्या कापल्या गेल्या होत्या आणि फॉइल कनेक्टरच्या धातूला एका बाजूनेच टेकत होते. मधली तारही गरजेपेक्षा लांब ठेवून आत वाकवली होती. एफ कनेक्टरला स्वतःची पिन नसते, केबलची मधली तार हीच पिन असते. तिचे टोक कनेक्टरच्या कडेच्या ३ मिलिमीटर पुढे असावे आणि पांढरा फोम आतल्या तळाशी बरोबर टेकावा, एवढीच अट आहे. ती इथे पाळली गेलेली नव्हती.

टोक कापून नवे केले, कॉम्प्रेशन प्रकारचा कनेक्टर हत्याराने दाबून बसवला आणि पुन्हा मोजले. ८०२ मेगाहर्ट्झला एमईआर २६ वरून ३६ वर आला आणि पातळी अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी बदलली. तीच भिंत, तीच केबल आणि तेच चॅनेल आता स्थिर दिसते. ज्या खोलीवरून सर्व केबल उपटण्याचे ठरत होते, तिथला दोष केबलच्या शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये होता, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१४ मार्च २०२४, गुरुवार

पिळून बसवलेले सर्व कनेक्टर बदलण्याची मागणी नोंदवली. पुढे नवीन केबल लागलीच, तर ती किमान 'ए' वर्गाच्या संरक्षणाची, म्हणजे बाहेरचा उपद्रव ८५ डेसिबलने रोखणारी असावी, असेही मागणीत लिहिले. पूर्वेकडील आरजी-५९ ची जाळी विरळ आहे, पण तिथली अंतरे लहान असल्याने आणि मोजलेला एमईआर ३३ च्या वर असल्याने ती आज काढण्याचे कारण दिसत नाही.

१८ मार्च २०२४, सोमवार

डिशची लाइन. इथे तक्रार अशी होती की हाय डेफिनिशन वाहिन्या येत नाहीत. यादी करून पाहिल्यावर असे दिसले की साध्या दर्जाच्याही अनेक वाहिन्या येत नाहीत आणि काही हाय डेफिनिशन वाहिन्या मात्र नीट येतात. न येणाऱ्या सगळ्या वाहिन्यांत एकच गोष्ट समान निघाली: त्या सर्व आडव्या ध्रुवीकरणाच्या, म्हणजे लहरींचे कंपन आडव्या दिशेने असलेल्या, आहेत.

डिशच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला, म्हणजे उपग्रहाचा सिग्नल टिपून वाढवणाऱ्या डबीला, वीज आणि आज्ञा दोन्ही याच केबलमधून मिळतात. रिसीव्हरने १३ व्होल्ट दिले की तो उभे ध्रुवीकरण निवडतो, १८ दिले की आडवे, आणि सोबत २२ किलोहर्ट्झचा सूर दिला की वरचा पट्टा. दोन व्होल्टेजांमधील निर्णयाची रेषा साधारण १५ व्होल्टच्या आसपास असते. रिसीव्हरच्या तोंडाशी, भार जोडलेला असताना, १७.४ व्होल्ट मोजले. गच्चीवर एलएनबीच्या टोकाशी तेच १४.८ भरले. म्हणजे आडवे ध्रुवीकरण मागितले तरी एलएनबीला उभ्याचीच आज्ञा पोहोचत होती.

लाइन ६५ मीटर आरजी-५९ ची आहे आणि मधली तार बारीक, पोलादी. तिचा आणि जाळीचा मिळून रोध १२ ते १३ ओहम भरतो. एलएनबी सुमारे २०० मिलिअँपिअर घेतो, म्हणून अडीच व्होल्ट वाटेतच खर्च होतात. परवा केबल सोलताना जो पोलादाचा मुद्दा बाजूला ठेवला होता तो इथे लागू पडला. सिग्नलला तांब्याचा मुलामा पुरतो, एलएनबीच्या विजेला पुरत नाही.

सिग्नलचीही बाजू पाहिली. २१५० मेगाहर्ट्झला ६५ मीटर आरजी-५९ मध्ये सुमारे २५ डेसिबल घट होते आणि आरजी-६ घातली तर ती २१ वर येईल. हा फरक आहे, पण निर्णायक नाही, कारण एलएनबी स्वतः ५० डेसिबलहून अधिक वाढ देऊन सिग्नल खाली सोडतो, आणि सिग्नल व नॉइज यांचे प्रमाण तिथेच ठरून जाते. पुढे केबलमध्ये दोन्ही सारखेच क्षीण होतात. उपग्रहावरील हाय डेफिनिशनसाठी वापरली जाणारी डीव्हीबी-एस२ पद्धतीची मॉड्युलेशनही २५६-क्वॅमच्या तुलनेत पुष्कळ कमी प्रमाणावर चालते.

निर्णय: ही एक लाइन बदलायची, आणि तिथे मधली तार संपूर्ण तांब्याची असलेली आरजी-६ टाकायची. नळी मोकळी असल्याने जुन्या केबललाच नवी बांधून ओढून घेता येईल, भिंत फोडावी लागणार नाही.

२० मार्च २०२४, बुधवार

डिशची नवी लाइन ओढली. एलएनबीपाशी आता १६.८ व्होल्ट मिळतात आणि दोन्ही ध्रुवीकरणांच्या वाहिन्या येतात. गच्चीवरील कनेक्टरवर पाणी शिरू नये म्हणून रबरी टोपी चढवली आणि केबल डिशकडे जाण्याआधी तिला खाली झुकणारा वळसा दिला, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून कनेक्टरपर्यंत न जाता वळशाच्या तळाशी गळून पडेल. जाळीत एकदा पाणी शिरले की ती काळी पडते आणि केबलची घट वाढतच जाते.

२२ मार्च २०२४, शुक्रवार

आजचा दिवस स्प्लिटरांचा. मजल्यांवरील काही स्प्लिटरांवर ५ ते ९०० मेगाहर्ट्झ असे छापलेले आहे, काहींवर ५ ते १०००, आणि एका ठिकाणी काहीच छापलेले नाही. तो शेवटचा उघडला, तर आत फेराइट कड्यांऐवजी फक्त तीन रोधक होते. त्याने दोन वाटांमध्येच प्रत्येकी ६ डेसिबल घालवले, चांगल्या स्प्लिटरमध्ये साडेतीन जातात. तो काढून टाकला.

त्याहून मोठा विषय मोकळ्या तोंडांचा आहे. रिकाम्या खोल्यांकडे जाणाऱ्या वाटा नुसत्या उघड्या सोडलेल्या आहेत. केबलच्या उघड्या टोकापाशी पोहोचलेला सिग्नल परत फिरतो. अशी ८ मीटरची मोकळी शाखा असेल, तर जाऊन-येऊन १६ मीटर होतात. फोमच्या केबलमध्ये सिग्नल प्रकाशाच्या ८५ टक्के वेगाने जातो, म्हणून परतलेला सिग्नल सुमारे ६३ नॅनोसेकंद उशिरा येतो. अॅनालॉग चित्रात त्याची सावली इतकी जवळ पडे की चित्राच्या कडा किंचित जाड झाल्यासारख्या दिसत. आता तो परिणाम वारंवारतेत दिसतो: दर १६ मेगाहर्ट्झच्या अंतराने पातळीत खड्डा पडतो. मीटरच्या पडद्यावर पूर्वेकडील शाखेत नेमके हेच कंगोरे दिसले, आणि तिथले एक चॅनेल अशाच खड्ड्यात सापडून शेजाऱ्यांपेक्षा ५ डेसिबलने खाली गेले होते. मोकळ्या तोंडांवर ७५ ओहमच्या टर्मिनेटर टोप्या बसवल्या आणि कंगोरे जवळपास सपाट झाले. एवढ्या छोट्या वस्तूने होणारा एवढा फरक समितीच्या सदस्यांनी प्रत्यक्ष पाहावा, म्हणून मीटरच्या पडद्याची आधीची आणि नंतरची छायाचित्रे जपून ठेवली आहेत.

२७ मार्च २०२४, बुधवार

तिसरा प्रश्न, व्याख्यानगृहाचा. इथे कॅमेऱ्यातून न आकसलेले चित्र एचडी-एसडीआय पद्धतीने बाहेर पडते, सेकंदाला १.४८५ गिगाबिट, आणि ते ७५ ओहमच्या एकाच कोअॅक्सियल केबलमधून, बीएनसी कनेक्टरने, थेट डिजिटल रूपात जाते. मॉड्युलेटर नाही, चॅनेल नाही. स्टुडिओ आणि बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये हाय डेफिनिशन चित्र दोन दशकांहून अधिक काळ असेच फिरत आले आहे. कोअॅक्सियलमधून हाय डेफिनिशन जाते का, या प्रश्नाला ज्यांना एकाच वाक्यात उत्तर हवे असेल त्यांना मी हे उदाहरण देईन, कारण इथे केबलला कॉम्प्रेशनची कोणतीच सवलत मिळत नाही.

अंतराची मर्यादा मात्र इथे कडक आहे. रिसीव्हर घड्याळाच्या निम्म्या वारंवारतेला, म्हणजे ७४२.५ मेगाहर्ट्झला, साधारण २० डेसिबलपर्यंतची घट भरून काढू शकतो असे धरून लाइन आखतात. आरजी-६ मध्ये तिथे १०० मीटरला साडेअठरा डेसिबल जातात, म्हणून १०० मीटरच्या थोडे पुढेपर्यंत आशा ठेवता येते. आपली लाइन ६० मीटर आहे. सेकंदाला ५० पूर्ण चित्रे हवी असतील, तर ३जी-एसडीआय लागते, २.९७ गिगाबिट, आणि हिशेबाची वारंवारता १४८५ मेगाहर्ट्झवर जाते. तिथे घट १०० मीटरला २६ ते २७ डेसिबल होते आणि मर्यादा ७५ मीटरच्या आसपास येते. ६० मीटर त्यातही बसतात, पण थोड्याच मोकळीकीने.

दोन्ही दरांवर रंगपट्ट्या आणि रिसीव्हरच्या इक्वलायझरला (केबलची घट भरून काढणाऱ्या भागाला) मुद्दाम ताण देणारी चाचणीचित्रे पाठवून पाहिली. पहिल्या दरावर एकही चूक नाही. दुसऱ्यावर पडद्यावर विरळ ठिणग्या दिसू लागल्या. लाइन तपासत गेल्यावर एका कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी इतकी घट्ट आवळलेली सापडली की वेष्टन आत दबले होते. फोम दबला की तिथे दोन वाहकांमधले अंतर कमी होते, इम्पीडन्स ७५ वरून घसरतो आणि तिथूनच परावर्तन सुरू होते. पट्टी कापली, दबलेला भाग काढून लाइनच्या टोकाशी राखलेल्या वाढीव केबलमधून लांबी भरून काढली, आणि टोकांना ७५ ओहमचेच बीएनसी बसवले. त्यानंतर ३जी दरावरही तासभर चालवून एकही चूक आली नाही.

व्याख्यानगृहातील सहकाऱ्यांनी दोन गोष्टी विचारल्या. एसडीआयच्या लाइनवर टीव्हीचा स्प्लिटर लावून दुसरा पडदा जोडता येईल का, ही पहिली. येणार नाही. त्या स्प्लिटरने पातळी पडते आणि डिजिटल धारेचा खालचा भागही कापला जातो, म्हणून सिग्नल नव्याने उभा करणारा वितरण-अॅम्प्लिफायर घ्यावा लागेल. दुसरी, संगणकाचे एचडीएमआय तोंड एखाद्या लहान जोडणीने भिंतीतील टीव्हीच्या केबलला लावता येईल का. तेही शक्य नाही. एचडीएमआयमध्ये चित्रासाठी चार वेगळ्या जोड्या असतात, शिवाय टीव्हीशी बोलण्याच्या निराळ्या तारा असतात, आणि कोअॅक्सियलमध्ये एकच मधली तार आहे. नुसता आकार जुळवणारी जोडणी विकत मिळाली, तरी तिच्यातून चित्र जाणार नाही. मध्ये असे यंत्र लागते, जे चित्र एच.२६४ मध्ये आकसते आणि २५६-क्वॅमच्या चॅनेलवर चढवते. हेडएंडमध्ये अशा एका मॉड्युलेटरला जागा आहे, आणि ते बसवले तर व्याख्यान इमारतीतील प्रत्येक टीव्हीवर एक वाहिनी म्हणून दिसेल. आकसण्याला वेळ लागत असल्याने चित्र जरासे मागे राहील. वक्त्याच्या समोरच्या पडद्यासाठी म्हणून एसडीआयचीच लाइन ठेवावी.

२ एप्रिल २०२४, मंगळवार

अहवाल समितीकडे दिला. मुख्य लाइन आणि मजल्यांवरील आरजी-६ आहेत तशा राहतील. डिशची लाइन बदलून झाली आहे. स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झपर्यंतचे आणि धातूच्या सीलबंद डबीचे घ्यावेत, सर्व टोके कॉम्प्रेशन कनेक्टरची करावीत, आणि हेडएंडच्या अॅम्प्लिफायरवर ८ डेसिबलचा उतार लावावा. उतार आज सकाळीच लावला. तिसऱ्या मजल्यावरील लांबच्या खोलीत आता सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या चॅनेलमध्ये दीड डेसिबलचाच फरक उरला आहे.

समितीने एक रास्त प्रश्न विचारला: पुढे व्याख्यानगृहात फोर-के कॅमेरा आला तर काय? भिंतीतील टीव्हीच्या केबलला त्याने फरक पडत नाही. आकसलेले फोर-के चित्र दोन-तीनपट मेगाबिट घेईल आणि एका चॅनेलमध्ये सहाऐवजी दोन-तीन वाहिन्या बसतील. कॅमेऱ्याच्या लाइनचे उत्तर वेगळे आहे. १२जी-एसडीआयचा दर ११.८८ गिगाबिट आहे आणि हिशेबाची वारंवारता ५९४० मेगाहर्ट्झवर जाते. तिथे ६० मीटर आरजी-६ मध्ये ३० डेसिबलहून अधिक घट होईल, आणि भिंतीवरील जोडपट्ट्या व कनेक्टर त्या वारंवारतेसाठी बनवलेलेच नाहीत. त्या एका लाइनसाठी फायबर टाकावी असे मी सुचवले आहे. व्याख्यानगृह ते नियंत्रणकक्ष या नळीत तेवढी जागा मोकळी आहे का, हे शुक्रवारी दोरी घालून पाहायचे आहे.